बाईंना चाललं असतं का?

रुजू झाल्याच्या पहिल्याच दिवशी भूगोलाच्या मॅडम शाळेच्या व्हरांड्यातून मधोमध चालत गेल्या आणि अख्खा व्हरांडा त्यांच्याकडे बघत उभा राहिला. मुलं, मास्तर, पाण्याचा जार खांद्यावर घेतलेला शिपाई, सगळे. मॅडमना वाटलं, आपल्या पाठीला खडू-बिडू लागलाय की काय. मग लक्षात आलं की बाकीचे सगळे डाव्या भिंतीला खेटून चालताहेत. एवढा ऐसपैस व्हरांडा, पाचसहा जण हातात हात घालून जातील असा, आणि ही एवढी माणसं भिंतीला दप्तरं घासत एकामागे एक!

"उजवीकडे टोकाला बाईंची खुर्ची असायची ना," गणिताच्या सरांनी नंतर शिक्षकांच्या खोलीत सांगितलं. "त्यांना समोरून कोणी चालत आलेलं आवडायचं नाही."

"पण खुर्ची तर दिसली नाही मला."

"आता कुठली? बाई गेल्या त्याच वर्षी ती मोडीत काढली."

बाई म्हणजे जुन्या मुख्याध्यापिका. त्या वारल्या तेव्हा आत्ताची मुलं जन्मलीही नव्हती. बाईंना प्रत्यक्ष पाहिलेली माणसं शाळेत उरली होती हाताच्या बोटांवर. पण काय सांगावं, या शाळेत सगळ्यात जास्त हजर कोण असेल तर त्या! शिक्षकांच्या खोलीची पूर्वेकडची खिडकी बंद, कारण बाईंना वारा सोसायचा नाही. प्रयोगशाळेत मुलांनी उभं राहायचं, कारण बाई म्हणायच्या बसला की झोपला. आणि बैठकीत कोणताही विषय निघो, सहलीचा, गणवेशाचा, नळाच्या तोटीचा, थोडा वेळ चर्चा व्हायची आणि मग कोणीतरी हळूच म्हणायचं, "पण बाईंना चाललं असतं का?"

झालं. सगळे गप्प. पंख्याचा आवाज तेवढा. आणि मग सगळ्यांच्या माना थोरल्या मॅडमकडे वळायच्या.

थोरल्या मॅडम म्हणजे पर्यवेक्षिका. बाईंच्या हाताखाली त्यांनी उमेदीची वर्षं काढली होती, त्यामुळे बाईंना काय चाललं असतं हे सांगण्याचा मान त्यांचा. त्या डोळे मिटायच्या, जरा थांबायच्या आणि म्हणायच्या, "नसतं चाललं." क्वचित "चाललं असतं." पण क्वचितच हो.

मुख्याध्यापक सज्जन गृहस्थ. इतके सज्जन, की स्वतःच्या खोलीत शिरताना दारावर टकटक करायचे. भूगोलाच्या मॅडमना आधी हे सगळं गमतीचं वाटलं. घरी त्यांनी सासूबाईंना नकला करून दाखवल्या आणि दोघी पोट धरधरून हसल्या. पण एकदा शाळा सुटल्यावर त्या विसरलेली छत्री घ्यायला परत गेल्या. व्हरांडा रिकामा होता, चिटपाखरू नव्हतं. अर्ध्या वाटेत त्यांच्या ध्यानात आलं की आपला खांदा भिंतीला घासतोय. कोणी बघत नव्हतं, तरी पाय मध्यावर यायला तयार नव्हते. अंगावर सर्रकन काटा आला त्यांच्या. मग मात्र त्यांनी नकला करणं सोडलं.

आता त्या मुलीचं सांगते. शेवटच्या वर्गातली, वर्गात सगळे तिला पायलट म्हणायचे. लहानपणी कधीतरी विमान चालवणार म्हणाली होती, ते चिकटलं. विमानाचं राहू द्या, पण नकाशा असा वाचायची पोरगी, की मॅडमनी फळ्यावर नुसत्या उंचीच्या रेषा काढाव्यात आणि तिनं बसल्या जागी सांगावं, इथे दरी आहे, इथून पाणी इकडे वाहील, इथे घर बांधू नये. मॅडमचा तिच्यावर फार जीव. तोंडावर कधी बोलून दाखवलं नाही. त्या शाळेत असलं बोलायची रीतच नव्हती.

त्या वर्षी पायलट वर्गातून गायब व्हायला लागली. आज नाही, उद्या नाही, मग आठवडाच्या आठवडा नाही. मॅडम शेवटी तिच्या घरी गेल्या. वडिलांचं अर्धं अंग लुळं पडलं होतं. आई कपडे शिवायच्या कारखान्यात सकाळीच जायची, नाही गेली तर नोकरी गेली. दिवसभर बापाला भरवायचं, कुशीवर वळवायचं, पुसायचं हे पोरीच्या अंगावर. अंथरुणाशेजारी वह्या-पुस्तकांची चळत.

"शाळेत का नाही गं सांगितलंस?" मॅडमनी विचारलं.

"सांगून काय होणार? बाईंचा नियम आहे ना," ती म्हणाली. हिनं बाईंचा फोटोसुद्धा धड बघितला नसेल.

नियम असा, की हजेरी कमी पडली तर शेवटच्या परीक्षेला बसवायचं नाही. तसं वरून आलेल्या कागदात साफ लिहिलेलं होतं, घरी आजारपण असेल तर मुख्याध्यापकांनी सही करावी आणि मुलाला बसू द्यावं. एका सहीचं काम. पण बाईंनी तशी सही कधी केली नव्हती म्हणे. आणि पायलटच्या आईनं मॅडमना दारातच सांगितलं होतं, "यंदा नाही बसली तर मग नाहीच. माझा भाऊ म्हणतोय, दुकानात लाव तिला."

मॅडम एकेकाला गाठून बोलल्या. आणि गंमत बघा, एकट्यानं भेटलं की प्रत्येक जण कसा माणसासारखा बोलायचा! गणिताचे सर म्हणाले, "तुमचं शंभर टक्के बरोबर आहे हो, पण..." चित्रकलेचे सर म्हणाले, "अन्यायच आहे हा, पण..." मुख्याध्यापकांच्या तर डोळ्यांत पाणी आलं. "सही माझी आहे मॅडम," ते म्हणाले, "पण बाईंच्या शब्दाशिवाय ती करायची हिंमत होत नाही. बैठकीत ठेवू या विषय."

बैठकीत विषय निघाला. मॅडमनी कागद दाखवला, आजारपण सांगितलं, मुलीचे आधीचे गुण सांगितले. सगळे मूग गिळून बसले. एकेकटे हळहळणारे हेच का ते लोक, असा प्रश्न पडावा. मग गणिताच्या सरांनीच, शंभर टक्केवाल्यांनी, टेबलाकडे बघत म्हटलं, "बाईंना चाललं असतं का?"

पंखा फिरत राहिला. थोरल्यांनी डोळे मिटले.

त्या काय म्हणणार हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. अंथरुणाशेजारची ती पुस्तकांची चळत डोळ्यांपुढे आली, आणि दुसऱ्या क्षणी त्यांच्या तोंडून निघून गेलं, "बाईंनी बसवलं असतं तिला."

थोरल्यांनी डोळे उघडले. मुख्याध्यापक म्हणाले, "तुम्ही तर त्यांना पाहिलंही नाही."

"माझी मावशी त्यांची विद्यार्थिनी होती." मावशी आयुष्यात या गावात आली नव्हती. पण एकदा पाण्यात पडल्यावर हात मारायचेच, म्हणून मॅडम बोलत सुटल्या. "तिचीही हजेरी भरत नव्हती, घरी आजारपण होतं. बाई स्वतः तिच्या घरी गेल्या. पाणीसुद्धा घेतलं नाही. चष्मा काढला, रुमालानं पुसला आणि मावशीच्या वडिलांना म्हणाल्या, पोरीचं वर्ष म्हणजे काय खिशातलं सुटं नाणं आहे का, पडलं तर पडलं? उद्या पाठवा तिला, बाकीचं मी बघते."

मॅडमना स्वतःचाच आवाज अनोळखी वाटला. जाड, खालच्या पट्टीतला, सावकाश. आपण असं कधी बोलत नाही, एवढंच त्यांच्या मनात आलं.

थोरल्या मॅडम किती तरी वेळ त्यांच्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "अगदी अश्शाच बोलायच्या. चष्मा पुसत."

मुख्याध्यापकांनी तिथल्या तिथे सही केली. सुटल्यासारखी केली हो, जणू कोणीतरी त्यांच्या मानेवरचा हात काढला. गणिताचे सर बाहेर पडता पडता म्हणाले, "मला आठवतोय तो प्रसंग. मी होतो तेव्हा." मॅडमना हसावं की रडावं कळेना. पायलट परीक्षेला बसणार होती, बस्स. त्या दिवशी त्या शीळ घालत घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत थोरल्यांनी त्यांना नकाशांच्या खोलीत गाठलं. दार लोटून घेतलं.

"बाई चष्मा लावत नव्हत्या," त्या म्हणाल्या.

मॅडमनी लोटलेल्या दाराकडे पाहिलं. "मग... मग तुम्ही हो का म्हणालात?"

"कारण मलाही तिला बसवायचं होतं. पण नाही म्हणायला माझी जीभ इतकी सरावलीय, की हो निघेचना. तू काढून दिलंस." थोरल्या गुंडाळलेल्या नकाशांवरची धूळ बोटानं पुसत राहिल्या. "पहिल्यांदा मीसुद्धा असंच बोलले होते गं. सगळे एका मुलाला शाळेतून काढून टाकायला निघाले होते, तर मी म्हटलं, बाईंनी नसतं काढलं. वाचला तो. मग लोक विचारतच राहिले. आता खरं सांगू? मला बाईंचा आवाजच आठवत नाही. आठवायला जाते तर माझाच ऐकू येतो."

"पण खऱ्या बाई कशा होत्या?"

थोरल्या हसल्या, पण ते हसू काही बघवलं नाही मॅडमना. "खऱ्या बाई शेवटच्या दिवशी आम्हा सगळ्यांना बोलावून म्हणाल्या, आता मला काही विचारायचं नाही, आपापलं डोकं चालवायचं. त्यांचं एवढं एकच ऐकलं नाही आम्ही. घाबरलो. चुकलं तर कोणाच्या अंगावर ढकलायचं?"

"मी जाऊन खरं सांगते सगळ्यांना."

"सांग की. खुशाल सांग. तिचा परीक्षेचा फॉर्म अजून इथेच पडलाय मुख्याध्यापकांच्या टेबलावर. ते सही खोडायला किती वेळ लावतील, तेही बघ."

दाराकडे निघालेल्या मॅडम परत फिरल्या. काय करणार? पोरीच्या गळ्याशी आलेलं होतं. थोरल्या जाता जाता म्हणाल्या, "मी उन्हाळ्यात निवृत्त होतेय. बरं झालं तू आलीस." त्या बोलण्यात दुष्टावा असता तर मॅडमना राग तरी काढता आला असता. नव्हता. थोरल्या इतक्या थकल्या होत्या, की ओझं उतरल्याचा आनंद त्यांना लपवता येत नव्हता.

मावशीची गोष्ट शाळाभर झाली, पायलटच्या घरापर्यंतही पोचली. आणि मग लोक भूगोलाच्या मॅडमकडे यायला लागले. तुमच्या मावशीनं आणखी काय सांगितलं हो? बाईंना डब्यांची अदलाबदल चालायची का? उशिरा येणाऱ्या मुलांना त्या बाहेर उभं करायच्या की आत घ्यायच्या? मॅडम सुरुवातीला टाळायच्या. पण टाळलं की लोकांच्या डोळ्यांत संशय दिसायचा, आणि संशय दिसला की त्यांना पायलटचा फॉर्म दिसायचा. मग त्या सांगायच्या. आत घ्यायच्या, पण आधी पाणी प्यायला लावायच्या. असं काहीबाही. पण दुसऱ्या दिवशी खरोखरच उशिरा आलेली मुलं दारात पाणी पिताना दिसायची. मॅडमना सुरुवातीला त्यात बरं वाटलं, खोटं कशाला बोला. चांगलंच तर करतोय आपण, त्यांनी मनाची समजूत घातली.

मग एक दिवस डोकं ठणकत होतं. चित्रकलेचे सर आले, मोठ्या उमेदीनं म्हणाले, वर्गाला झाडाखाली घेऊन जाऊ का, सावल्यांची चित्रं काढायला? मॅडमना नुसतं एकटं राहायचं होतं. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "बाईंना नसतं चाललं."

"बरं," सर म्हणाले आणि गेले. एका शब्दानं भांडले नाहीत. मॅडमनी डोळे उघडले तर दारात कोणी नव्हतं. किती सोपं होतं ते! त्या सोपेपणाचीच त्यांना भीती वाटली. वाटलं, उठून त्यांच्या मागे जावं, म्हणावं, अहो मी म्हणाले ते, माझं डोकं दुखतंय म्हणून म्हणाले, जा खुशाल झाडाखाली. पण त्या उठल्या नाहीत.

घरीही ते शिरलं. टीव्हीचा आवाज मोठा होता, मॅडम स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "एवढा मोठा? बाईंना चाललं नसतं हां."

सासूबाईंनी टीव्ही बंद केला. पूर्वी अशा वेळी त्या टाळी द्यायला हात पुढे करायच्या. आज त्यांनी सुनेकडे नीट पाहिलं. "तू आता नक्कल करत नव्हतीस," त्या म्हणाल्या. "अगं, या घरात मोठी मी आहे. मला चालतंय. तुला काय चालतं ते बोल ना." मॅडमनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्यांना खरंच सुचेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सासूबाई घाबरल्या, पाठीवरून हात फिरवत राहिल्या, पण त्यांना तरी काय सांगणार?

परीक्षा झाली. निकाल लागला. पायलट पास झाली. नुसती पास नाही, वर्गात वरच्या फळीत. मॅडमना आनंदानं एका जागी उभं राहवेना. त्यांनी मनाशी ठरवलं, आता बास. फॉर्मचं भय संपलं, आता त्या खोटेपणातून बाहेर पडायचं. आणि सगळ्यात आधी पोरीलाच खरं सांगायचं.

दुसऱ्या दिवशी पायलट आईला घेऊन आली. शिक्षकांच्या खोलीत दुपारी कोणी नव्हतं. आई खुर्चीच्या कडेवर बसली. चेहरा ओढलेला.

"मॅडम, भाऊ ऐकत नाहीये. म्हणतो, पास झाली ना, आता दुकानात बसव. पुढं शिकवून कोणाचं भलं झालंय? मला काही सुचत नाही बघा."

"तिला शिकवा," मॅडम म्हणाल्या. "मी सांगतेय. हिच्यासारखी मुलगी मी आजवर पाहिली नाही. लागेल ती मदत मी करीन. मी."

आईनं मान हलवली, आदरानं हलवली. "तुमचं बरोबरच असणार हो. पण भावाला काय सांगू? भूगोलाच्या मॅडम म्हणाल्या असं सांगू? तो हसेल. बाईंचा शब्द असता तर गोष्ट वेगळी. तो याच शाळेत होता ना, बाई म्हटलं की अजून ताठ बसतो. बाई काय म्हणाल्या असत्या मॅडम?"

मॅडमनी पदराआड ठेवावं तसं इतके महिने जपलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. की बाई काही म्हणाल्या नव्हत्या. मावशी बिवशी कोणी नव्हती. ती गोष्ट मी रचली, कारण मला ही परीक्षेला बसायला हवी होती. मला. तेव्हा बाईंचं सोडा आणि माझं ऐका.

आईचा चेहरा उतरला, अगदी पांढरा पडला. आणि पायलट, जी इतका वेळ भिंतीवरच्या नकाशाकडे बघत हसत होती, ती वळली.

"म्हणजे बाईंनी मला बसवलं नसतं?" तिनं विचारलं.

"अगं, तसं नाही..."

"म्हणजे मी बसायलाच नको होतं का? वडिलांना एकटं टाकून मी परीक्षेला गेले, मॅडम. बाई म्हणाल्यात म्हणून गेले. ते तीन तास रडत होते, शेजारीण म्हणाली. मी मनाला सांगितलं, बाईंनी सांगितलंय, म्हणजे बरोबरच असणार."

आई उठून उभी राहिली होती, पिशवी छातीशी धरून, पाप झाल्यासारखी. मॅडमना वाटलं, ओरडून सांगावं, बरोबरच होतं गं बाळा, अगदी बरोबर होतं, कारण मी म्हणतेय. पण ते वाक्य त्यांनी आत्ताच बोलून पाहिलं होतं, आणि त्याला या खोलीत कवडीचीही किंमत नव्हती.

त्या हसल्या. जमेल तेवढं मोकळं हसल्या.

"वेडी कुठली! थट्टा केली मी. बघत होते, मामानं उलटसुलट विचारलं तर टिकताय का दोघी." मग त्यांनी डोळे मिटले, जरा थांबल्या, आणि तो खालच्या पट्टीतला सावकाश आवाज आपणहून आला, बोलवावा लागला नाही. "बाई म्हणाल्या असत्या, हिला शिकवा. म्हणाल्या असत्या, जो हिला दुकानात बसवेल त्यानं आधी माझ्यासमोर येऊन उभं राहावं. असंच सांगा मामाला. अगदी याच शब्दांत."

आईनं मोठा श्वास सोडला. तिच्या गालांवर रंग परत आला. "आता बघते तो काय बोलतो," ती म्हणाली आणि डोळे पुसले. पोरीच्या चेहऱ्यावरचं मळभ गेलं, लहान मुलासारखी हसली ती.

दोघी निघाल्या. दारापाशी पायलट थांबली, आईला पुढे जाऊ दिलं आणि लाजत लाजत मागे वळली.

"मॅडम, एक विचारू? बाईंना मी आवडले असते का हो?"

मॅडम उठून तिच्यापाशी गेल्या.

"फार," त्या म्हणाल्या. "बाईंना तू फार आवडली असतीस."